खिडकीकडची बाजू

मला किळस लवकर येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई फार नाक मुरडते असं पुढे कुणी म्हणायला नको. मुरडतेच मी. गिरगावातल्या चाळीत वाढले. मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास. सकाळी टमरेल घेऊन उभं राहायचं, आधीचा माणूस बाहेर आला की त्याच्याकडे न बघता आत शिरायचं, आणि आत जे काही असेल ते असेल. वास आमच्या खोलीपर्यंत यायचा. आई म्हणायची, सवय होते. मला झाली नाही. म्हणून माझं लग्न ठरवताना, मुलगा तळोज्याच्या कारखान्यात केमिस्ट आहे, नावड्याला स्वतःचा ब्लॉक आहे, हे सगळं सांगून झाल्यावर 'तुला काही विचारायचंय का?' असं मला म्हणाले, तेव्हा मी एकच गोष्ट विचारली. संडास घरात आहे का? मुलाकडचे सगळे हसले. मुलगा हसला नाही. "आहे. स्वयंपाकघराच्या पलीकडे," म्हणाला. मी त्याच दिवशी होकार कळवला.

ब्लॉक म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखा एकामागे एक. दारातून आत आलं की बाहेरची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे मोरी आणि संडास. संडासात पांढरी फरशी होती. ती मी रोज घासायची. हे हसायचे, पण मला त्या फरशीचा अभिमान होता.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. थोरले दीर कधीचेच सुरतेला, त्यांचं आणि वडिलांचं पटत नव्हतं. कोकणातल्या त्या घरात सासरे एकटे उरले. पेज उतरवताना हात भाजला तर कुणाला कळवलं नाही. जखम चिघळली तेव्हा शेजाऱ्यांनी यांच्या कारखान्यात फोन केला. हे जाऊन त्यांना पाहून आले आणि म्हणाले, "आता तिथे एकटं ठेवायचं म्हणजे मारायचंच. इथे आणू या." मी नाही म्हटलं नाही. पण खोली एक, आमचं लग्न नवं. मध्ये भिंत तरी घाला म्हटलं.

त्याच सुमारास यांच्या कारखान्यात साहेब लोकांसाठी जिप्सम बोर्डाच्या केबिनी उठल्या होत्या. ते काम करणारा कॉन्ट्रॅक्टर शेजारच्याच गावातला, शेती गेल्यावर ठेकेदारीत शिरलेला. त्याच्याकडे बोर्ड उरले होते. पत्र्याची चौकट उभी केली, दोन्ही अंगांनी बोर्ड ठोकले, मध्ये वीतभर पोकळी, सांध्यांवर पीओपी फासलं आणि रंग मारला. विटा नाहीत, सिमेंट नाही, आणि बाहेरच्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या. आळीतल्या बायका येऊन त्या भिंतीवर टकटक करून गेल्या. भिंत असून पोकळ वाजते याचं सगळ्यांना कौतुक. मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं. बाहेरून गुळगुळीत कागद आणि आत चुन्याचा भुगा, ही काय भिंत झाली?

कुणाला कुठली बाजू यावर विचार करायची गरजच पडली नाही. खिडकीकडची बाजू सासऱ्यांची. वडीलधारं माणूस, त्यांना उजेड हवा, वारा हवा. पार्टिशनला लागून त्यांची कॉट, उशाला त्यांची पत्र्याची ट्रंक. दाराकडची बाजू आमची, स्वयंपाकघरात जायचं दारही त्याच बाजूला. दिवसा तिथे बैठक आणि रात्री जमिनीवर गादी. गादी घातली की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नसे. पार्टिशनला दार म्हणून एक पडदा होता. आळीत माझं नाव झालं, की सुनेने स्वतः अंधारात राहून म्हाताऱ्याला खिडकी दिली. मीही मिरवलं.

सासरे फार मर्यादेने वागणारे. मी जेवत असले तर स्वयंपाकघरात यायचे नाहीत. यायच्या आधी खाकरायचे. मी सकाळी गाऊनवर असले तर खिडकीबाहेर बघत बसायचे, बघण्यासारखं तिथे काही नसलं तरी. माझ्याशी बोलायचं झालं तर यांच्यामार्फत. मीही मामंजी म्हणण्यापलीकडे फार बोलायची नाही. आमच्याकडे यालाच चांगलं घर म्हणतात. त्यांच्या दोनच तऱ्हा मला खटकायच्या. संध्याकाळनंतर पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत, चहा दिला तरी परत पाठवायचे. आणि कॉटच्या पायथ्याशी, त्या कोपऱ्यात, सतत मोगऱ्याची उदबत्ती. देव स्वयंपाकघरात, आणि उदबत्ती कॉटखाली. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं.

मग भिंत फुगली. त्या कोपऱ्यातच, जमिनीपासून हातभर. रंगाला फोड आले, कागद सुटला, आणि आत दुधात बुडून फुटलेल्या बिस्किटासारखा लगदा. कडेने पिवळट तपकिरी रेघ. मी केरसुणी लावली तर तिला ओला गोळा चिकटून आला. त्या दिवशी मी जेवले नाही. केरसुणी टाकून दिली आणि नवीन आणली.

आणि वास. आता नावड्याला वासाचं नवल नव्हतं. वारा फिरला की तळोज्याकडून काहीतरी यायचंच, कधी कुजकी अंडी, कधी नेलपॉलिश, कधी नुसतंच घसा धरणारं काहीतरी. आम्ही बायका खिडक्या लावून घ्यायचो आणि आज कुणाच्या कारखान्याचं आहे यावर पैजा मारायचो. पण हा वास खिडकी लावली की वाढायचा. यांनी कोपऱ्यात वाकून दोनदा हुंगलं आणि केमिस्टच्या तोऱ्यात निकाल दिला.

"अमोनिया आहे. हवेतला. जिप्सम ओलं झालं की धरून ठेवतं."

"मग सगळ्या भिंतीला का नाही?"

"खिडकीच्या जवळ आहे ना तो कोपरा!"

शिकलेल्या माणसाला एकदा शब्द सापडला की तो पुढे बघत नाही. माझ्या नाकाला मात्र तो वास ओळखीचा वाटत होता. गिरगावच्या मजल्याच्या टोकाचा. पण माझ्या घरात, रोज पांढरी फरशी घासणाऱ्या माझ्या घरात, तो वास असूच शकत नाही असं मी नाकाला बजावलं.

कॉन्ट्रॅक्टर आला. त्याने बोटाने बोर्ड दाबला, बोट आत गेलं, ते त्याने आमच्याच पडद्याला पुसलं. माझ्या अंगावर काटा आला.

"ताई, टेन्शन नका घेऊ. पानी वरून येतंय. वरच्या बाईचा ड्रम हाय ना, त्यो गळतो. पानी पोकळीतून खाली उतरतं न् इथं साचतं."

पाणी दिवसातून एकदा यायचं, त्यामुळे घरोघरी ड्रम होते, हे खरं. छत कोरडं ठणठणीत आहे हे मला दिसत होतं, पण दोष वरच्या बाईचा म्हटल्यावर मला बरंच वाटलं. त्याने खालचा सडका भाग कापला, नवा तुकडा बसवला. स्क्रू संपले म्हणून तो नुसता पीओपीने चिकटवला आणि गेला. मी वर गेले.

वरची बाई साताऱ्याकडची, आवाजाने माझ्या वरचढ. ड्रमच्या बुडाखालून हात फिरवून तिने तो माझ्या तोंडापुढे धरला.

"अवो बगा की! हाय का पानी? माझा ड्रम कोरडा ठाक हाय. तुमच्याच भितीला रोग लागलाय. उगं माज्यावर बिल फाडू नगा!"

मी तिला घाणेरडी म्हटलं. तिने मला शिष्ट म्हटलं. जिन्यात उभ्या राहून आम्ही एकमेकींचा उद्धार केला, आणि तेव्हापासून समोरासमोर आलो की दोघी भिंतीकडे बघून जायचो.

नवा तुकडाही फुगला. या वेळी काठावर काळी बुरशी धरली, लोकरीसारखी. ओल्या चुन्यात गांडुळासारखं काहीतरी वळवळताना मी पाहिलं आणि मोरीत जाऊन ओकले. पुन्हा कॉन्ट्रॅक्टर, पुन्हा वरची बाई, पुन्हा अमोनिया. पुन्हा खाली नवा तुकडा चिकटवला, तरी तेच. घरात पाऊल टाकलं की मोगरा आणि त्याच्याखाली तो वास, दोन्ही एकत्र नाकात शिरायचे. आजही कुणाकडे ती उदबत्ती लागलेली असली तर मी प्रसाद न घेता उठते.

शेवटी एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. यांना म्हटलं, "एक तर हा वास घरातून जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन. उकिरड्यात संसार करायला मी लग्न नाही केलं!" चांगली मोठ्याने बोलले. बोर्डातून सगळं ऐकू जातं हे मला माहीत होतं. त्यांची कूस बदललेली आम्हाला ऐकू यायची, तर माझं ओरडणं त्यांना का येणार नाही? पण मी भिंतीबद्दल बोलत होते, त्यांच्याबद्दल नाही, म्हणून मला काही वाटलं नाही.

सकाळी सासरे अंघोळ करून, टोपी घालून पडद्याबाहेर आले. पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलले.

"मुली, मी गावी जातो म्हणतो. घर बंद ठेवून बरं नाही. पनवेलला जाऊन एसटीचं बघून येतो."

"अहो, पण मामंजी, तिथे कोण आहे?"

"घर आहे ना," म्हणाले आणि गेले.

ट्रंक आवळून दोरीने बांधलेली होती. त्या घरात चूल पेटवायला दुसरा माणूस नव्हता आणि त्यांच्या हातावरचा तो डाग अजून लाल होता. हे कामावर गेलेले. मला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की मी साफसफाई काढते. म्हटलं, आज या भिंतीचा निकालच लावते. वास गेला तर निदान भांडणाचं कारण तरी जाईल. कॉट ओढली, नाकाला पदर बांधला, हातात दुधाच्या पिशव्या चढवल्या आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

खालचा तुकडा काढावा लागलाच नाही. हात लावल्याबरोबर डब्याच्या झाकणासारखा तो अलगद हातात आला. कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. आत पोकळीत, पत्र्याच्या चौकटीवर, वनस्पती तुपाचा पिवळा प्लास्टिकचा डबा होता. झाकण घट्ट लावलेलं. खाली वर्तमानपत्राची चौकोनी घडी, तिच्याखाली आणखी एक, सगळ्या भिजून पिवळ्या झालेल्या. बाजूला धुऊन पिळून ठेवलेलं फडकं. उदबत्तीचा पुडा.

मी डबा उचलला. आत जे होतं ते हललं.

ओकारी आली, ती मी गिळली. फरशीवर बसले आणि तिथून पडद्यातून समोर पाहिलं. समोर आमची गादी गुंडाळून ठेवलेली. तिच्यापलीकडे स्वयंपाकघर, त्याच्यापलीकडे माझ्या पांढऱ्या फरशीचा संडास. सगळा मिळून चार पावलांचा रस्ता. आणि रोज रात्री त्या रस्त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत मी आडवी. झोपलेल्या सुनेला ओलांडून सासरा जात नाही. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं की विचार, मामंजी, रात्री उठावं लागतं का? सून असलं विचारत नाही. म्हणून ते तहान मारत होते, म्हणून उदबत्ती, म्हणून मी सकाळी दुधाला बाहेर पडेपर्यंत अंथरुणात पडून राहणं. एखाद्या दिवशी मी गेलेच नाही, की डबा भरून तसाच राहायचा आणि सांडायचा. आधी तो कॉटखाली असणार, तुकडा सैल झाल्यावर पोकळीत, आणि कॉन्ट्रॅक्टर यायचा म्हटलं की ट्रंकेत. आणि वरच्या बाईला मी शिव्या घालत होते तेव्हा हा माणूस बोर्डाच्या मागे बसून ऐकत होता. मला त्या डब्याची किळस आली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त किळस आली आमच्या चांगल्या घराची. एवढी मर्यादा, एवढा मान, आणि म्हातारा माणूस भिंतीत मुततो.

मामंजी गेल्यावर मीच कॉन्ट्रॅक्टरला दुपारी यायचा निरोप धाडला होता. त्याने हे पाहिलं असतं तर संध्याकाळी सगळ्या कॉलनीत झालं असतं. मी डबा संडासात रिकामा केला, कागद, फडकं, डबा सगळं पिशवीत घालून रस्त्यापलीकडच्या उकिरड्यात टाकून आले. फिनेलने कोपरा धुतला. फरशी दोनदा घासली. मग वर जाऊन त्या बाईचं दार वाजवलं.

"भिंतीत उंदीर मेला होता. तुमच्या ड्रमचं नव्हतं काही. जरा कॉट उचलायला येता?"

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "म्या म्हनत न्हवते?" असं तिने जिन्यातून खाली येईपर्यंत इतक्या वेळा म्हटलं की मोजायचं सोडलं. मी निमूट ऐकलं. दोघींनी मिळून कॉट पडद्याबाहेर आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी लावली. आमची गादी मी खिडकीच्या बाजूला टाकली.

सासरे आले तेव्हा खिशातून तिकिटाचं टोक दिसत होतं. आधी त्यांना दाराशी आणलेली कॉट दिसली, मग पडद्यातून उघडा कोपरा, मग रिकामी पोकळी. टोपी काढून हातात धरली आणि तसेच उभे राहिले. चेहरा असा झाला की मला बघवेना. मी स्वयंपाकघरातूनच बोलले.

"मामंजी, भिंतीत उंदीर मेला होता. त्याचाच वास होता सगळा. टाकून दिला."

"मोठा होता?" म्हणाले.

"हो. पण आता गेला."

"तू... तू टाकलास?"

"मग कोण टाकणार? आणि ऐका, आता खिडकीकडे आम्ही झोपणार. मला इथे गुदमरतं. तुम्हाला नाही आवडलं तरी माझा इलाज नाही." आवाज मी मुद्दाम कडक ठेवला. मला तो जमतो.

ते कॉटवर बसले. स्वयंपाकघराच्या पलीकडचं दार तिथून सरळ दिसत होतं. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, आणि खिशातलं तिकीट काढून त्याची बारीक बारीक घडी घालत राहिले. संध्याकाळी मी न विचारता चहा ठेवला. तो त्यांनी घेतला. दोन दिवसांनी ट्रंकेची दोरी सुटली.

कॉन्ट्रॅक्टरने शेवटचा बोर्ड लावला, तो पुढे कधी फुगला नाही. यांनी अमोनिया गेल्याचं श्रेय पावसाला दिलं. यांना मी आजतागायत उंदीरच सांगितला आहे. आळीत मात्र माझं नाव गेलं. आले-गेले डोळे मोठे करायचे, की बघा, खिडकी स्वतः बळकावली आणि म्हाताऱ्याला दारात टाकलं. सुरतेहून दीर आले होते, तेही टोमणा मारून गेले. मी काय सांगणार होते? सासरे तेव्हा म्हणाले, "मीच मागून घेतली ही जागा. खिडकीतून तळोज्याचा वास येतो." त्यांनी खोटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं.

एक गोष्ट मात्र मी कॉट हलवताना ध्यानातच घेतली नव्हती. आता रस्ता त्यांचा मोकळा झाला आणि माझा अडला. पहिल्याच रात्री मला उठावं लागलं. अंगावर गाऊन, केस सुटलेले, आणि पडद्यापलीकडे सासरे. मी उठले नाही. पोट आवळून तशीच पडून राहिले, उजाडायची वाट बघत, आणि मला कळलं की ते रोज रात्री काय करत होते. अखेर निघालेच. पडद्याची कडी वाजली, तशी कॉट करकरली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

पुढे ते आमच्याकडेच राहिले, शेवटपर्यंत. इतक्या वर्षांत मी रात्री त्यांच्यासमोरून गेले आणि त्यांचा चेहरा दिसला असं एकदाही झालं नाही. मे महिन्यात वीज गेलेली असायची, घामाने उशी भिजायची, तरी पडद्याची कडी वाजली की त्यांची चादर डोक्यावर जायची, आणि मी परत येऊन आडवी झाले की मगच खाली यायची.